व्हिडिओ बघून मोबाईल शिकताय? आधी अँड्रॉइडचा नंबर बघा

31 जुलैपर्यंत बंदी, ट्रॉलर जेटीला. जाळी शिवणे, इंजिनाचे काम चालूच आहे, आणि यंदा घरोघरी मोबाईल शिकणेही चालले आहे. सोसायटीत रोज कोणीतरी येऊन सांगतो, "व्हिडिओत दाखवतात ते बटण माझ्या फोनवर नाहीच." फोन बिघडलेला नसतो. व्हिडिओ दुसऱ्याच अँड्रॉइडचा असतो.

आपल्या फोनचा नंबर असा बघायचा: सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'फोनबद्दल' उघडा, तिथे अँड्रॉइड व्हर्जन लिहिलेले असते. 10, 12, 14, जे काय असेल ते. इथे एक घोटाळा होतो. कंपनीचा स्वतःचा नंबर वेगळा असतो. सॅमसंगवर 'वन यूआय 6' दिसले तर अँड्रॉइड 6 समजू नका, तो अँड्रॉइड 14 आहे.

नंबराने एवढा काय फरक पडतो? लोकेशनचेच घ्या. 2019 च्या अँड्रॉइड 10 मध्ये ॲप परवानगी मागताना 'नेहमी' हा पर्याय तिथेच दाखवायचे. अँड्रॉइड 11 पासून तो त्या चौकटीतून काढला. आता सेटिंग्जमध्ये जाऊन, ते ॲप उघडून, परवानग्या, मग लोकेशन, अशा वाटेने जावे लागते. जुना व्हिडिओ लावून बसलात तर तासभर शोधत राहाल.

अँड्रॉइड 12 मध्ये आणखी एक भर पडली, 'अचूक' की 'अंदाजे'. अंदाजे वर बोट पडले तर ॲपला तुमची जागा सुमारे 3 चौरस किलोमीटरच्या भागात कुठेतरी, एवढीच कळते. बाजारात फिरताना ठीक आहे. पण भर समुद्रात इंजिन बंद पडले आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश बघून वायरलेसवर जागा सांगायची वेळ आली, तर शोधायला येणारी बोट फिरतच राहील. 2022 आधीचे बरेच व्हिडिओ हे सांगतच नाहीत, कारण तेव्हा बहुतेक फोनांवर तो पर्यायच नव्हता. (बोटीवरचे जीपीएस ते जीपीएसच, फोन त्याच्या जागी नाही.)

घरच्या बायांनी आणि तांडेलांनी दोघांनीही लक्षात ठेवायचे ते अँड्रॉइड 13 चे. त्यात नवीन ॲप घेतले की सूचना पाठवण्याची परवानगी वेगळी मागते. घाईत 'नको' दाबले की हवामानाचा किंवा लाटांचा इशारा फोनवर वाजणारच नाही. ॲप मात्र छान उघडते, म्हणून संशयही येत नाही. 12 वर शिकवणारा माणूस ही पायरी दाखवणार नाही.

म्हणून यूट्यूबवर शोधताना फोनची कंपनी, अँड्रॉइडचा नंबर आणि काम, तिन्ही लिहा किंवा बोला. व्हिडिओची तारीख बघा. पहिल्या मिनिटात त्याची सेटिंग्ज आणि आपली सेटिंग्ज जुळत नसतील तर दुसरा व्हिडिओ घ्या, कितीही लाईक असोत. फोन अपडेट झाला की नंबर परत तपासा, तो बदललेला असू शकतो.

ज्यांना नंबर सापडत नाही त्यांनी फोन घेऊन कार्यालयात यावे, चिठ्ठीवर लिहून देऊ. येताना चार्ज करून आणा.