सी-स्क्वर्टच्या अळ्या ओळखाव्यात कशा?

हर्डमानिया आपण फॉर्मॅलिनच्या बाटलीत पाहिलेला आहे: दोन छिद्रांची एक पिशवी. जिवंतपणी दाबली की पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून या वर्गाला सी-स्क्वर्ट म्हणतात. 1866 साली कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अशा प्राण्यांच्या अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू दाखविला आणि ही मंडळी कालवांच्या रांगेतून उठून आपल्या पंगतीला आली.

परंतु प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘बेडकाच्या पिल्लासारखी अळी’ एवढेच लिहिलेले मला पुरत नाही. कोणत्या जातीची?

आधी धडातील काळे ठिपके पाहावेत. सायोनाच्या अळीत ते दोन असतात. एक प्रकाश जाणणारा नेत्रबिंदू, दुसरा तोल सांभाळणारा कण. बॉट्रिलसमध्ये दोन्ही कामे एकच ठिपका करतो. मॉल्गुला ऑक्युलाटाजवळ फक्त कण आहे. तिचीच सख्खी बहीण मॉल्गुला ऑकल्टा. हिच्या अळीला ठिपका नाही आणि शेपटीही नाही! गंमत अशी, की हिच्या अंड्याला ऑक्युलाटाचे शुक्रबीज दिले तर काही संकरित अळ्यांत ठिपका आणि आखूड शेपटी परत येते.

खरी कसोटी सायोनातच लागते. सायोना इंटेस्टिनॅलिस या एकाच नावाखाली ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार वावरत होते. प्रौढ प्राणी पाहून भल्याभल्यांना फरक सांगता येईना. 2015 साली इटालियन व जर्मन संशोधकांनी अळ्या मोजल्या. ‘ब’ची अळी लांब व त्या मानाने अरुंद, तोंडापुढचा भाग अधिक लांब, मात्र नेत्रबिंदूपासून शेपटीपर्यंतचे अंतर कमी. एवढ्या मापांवर शंभरातील 93हून अधिक अळ्या बरोबर ओळखता आल्या. उरलेल्यांत ऋतुमानाने पडणारा फरक आडवा आला. त्याच वर्षी ‘अ’ला सायोना रोबस्टा हे जुने नाव परत मिळाले, इंटेस्टिनॅलिस हे नाव ‘ब’कडे राहिले. 2002 साली जिचा जनुकसंच वाचला गेला ती मात्र ‘अ’! तेव्हा त्या काळचे लेख वाचताना नावावर विसंबू नये. नमुना कोणत्या किनाऱ्यावरचा, ते आधी पाहावे.

अळी जेमतेम एक मिलिमीटरची, काही खात नाही, आणि चिकटून बसली की शेपटी शोषून टाकते. म्हणून पोहत असतानाच, एक नव्हे तर अनेक अळ्या मोजाव्यात आणि आकृतीखाली महिना अवश्य लिहावा.