खुब्याचं दुखणं आणि घरातली मुलं

आई-बाबांनो, सात-आठ महिन्यांचं लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड लंगडायला लागतं, एक्स-रे निघतो, 'हिप डिस्प्लेजिया' असं निदान होतं आणि पाठोपाठ खर्चाचा आकडा कानावर पडतो. त्याच रात्री कुणी सोनं मोडायचं ठरवतं, तर कुणी कुत्राच कुणाला तरी देऊन टाकायचं. माझ्या दवाखान्यात मी दोन्ही प्रकारचे पालक बघते. दोघांनाही माझी विनंती एकच असते, आधी त्याचं दुखणं किती आहे ते नीट बघा.

मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसायला हवा. या पिल्लांचा सांधा आनुवंशिकतेने सैल राहतो आणि भराभर वाढणारं वजन त्यात भर घालतं. पण फोटोतला खुबा आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. म्हणून कुत्र्याला बघा. जिना चढताना तो मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का? उठताना पुढच्या पायांवर भार देऊन अंग ओढतो का? मागे हात लावल्यावर वळून बघतो का? अशा कितीतरी तरुण कुत्र्यांची लंगड स्नायू भरल्यावर, वर्ष-दीड वर्षाची झाल्यावर बरीच कमी होते. तोवर गुळगुळीत टाइल्सवर चटया घाला, उड्या बंद करा, बेताचं चालणं आणि जमल्यास पोहणं ठेवा, आणि औषध डॉक्टर देतील तेवढंच. घरातली आयबुप्रोफेनसारखी माणसांची गोळी कुत्र्याला अजिबात नको, जिवावर बेतू शकतं.

वजनाचं तर मी पुन्हा पुन्हा सांगते. अमेरिकेत 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं मिळे. ती सडपातळ कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवातानेही उशिरा गाठलं. आजीच्या हातची तुपाची पोळी थांबवणं घरात अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी थांबवा.

शस्त्रक्रियेची घाई न करता थांबण्याला मात्र एक अपवाद आहे. काही शस्त्रक्रियांचं वय असतं. एक जेमतेम चार-पाच महिन्यांपर्यंतच उपयोगी पडते, तर वाटी फिरवून बसवायची दुसरी सांधा झिजायच्या आत, साधारण दहा महिन्यांपर्यंत. गोळा काढून टाकणं किंवा लाखांच्या घरात जाणारा कृत्रिम खुबा बसवणं नंतरही होतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'आत्ता थांबलो तर कोणता मार्ग बंद होईल?' शंका असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी दुसरं मत घ्या.

आता मुलांविषयी. खर्चाचं बोलणं निघालं की पालक मला डोळ्यांनी खुणावतात, मुलासमोर नको. मूल मात्र कुत्र्याचा पट्टा बोटांना गुंडाळत सगळं ऐकत असतं. त्याला बाहेर पाठवू नका. 'तो मरणार का?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि या आजाराने कुत्रा मरत नाही हे त्याला आधी सांगा. मग पैशांचंही खरं सांगा, की एवढी रक्कम आज आपल्याकडे नाही, किंवा आहे पण ती ताईच्या फीसाठी ठेवली आहे. निर्णय मात्र मुलावर टाकू नका, 'तूच सांग, करायचं का?' हे ओझं दहा वर्षांच्या जिवाला पेलत नाही. आणि कुत्रा देऊन टाकून 'गावाला शेतावर पाठवलाय' असं तर कधीच सांगू नका. मुलं पुढच्या सुट्टीत गावाला जातात आणि शोधतात.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर तारखेआधी घरचं वेळापत्रक बघा. कृत्रिम खुब्यानंतर दीड-दोन महिने सक्त विश्रांती लागते, बाहेर न्यायचं तेही पट्ट्यावरच. गोळा काढल्यावर याच्या उलट, लवकर चालवावं लागतं आणि रोज व्यायाम द्यावा लागतो. दुपारी घरी कोण असतं, उचलायला कोण आहे, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, हे डॉक्टरांकडून तारीख घेण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवा.