संहिता पाठवण्याआधी

गारगोटी,
श्रावण, रविवार

चि. सोनूस,


तुझ्या नाटकाची संहिता पोचली. दोन दिवस पावसानं लाइट नव्हती, बॅटरीच्या उजेडात वाचून काढली. राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूरचा संघ ती करणार म्हणतेस, आणि लगेच पुढं, 'तिथं मोठमोठे लेखक असणार, मामा, माझं काय?' असणारच की! १९५४ पासून त्या स्पर्धेत नवखे आणि मुरलेले एकाच रंगमंचावर येत आलेत.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेनं याच स्पर्धेसाठी बसवलं. ते लिहिणारे विजय तेंडुलकर तेव्हा काही नवे नव्हते. त्यांचं 'श्रीमंत' नाटक येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तरी तारीख डोक्यावर, तालमी सुरू, आणि नायिका बेणारेच्या शेवटच्या स्वगताचा पत्ता नाही. दिग्दर्शक अरविंद देशपांड्यांनी हात धुऊन मागं लागून ते लिहून घेतलं, अशी आठवण नाटकवाले सांगतात. आज त्या नाटकाचं नाव काढलं की लोकांना आधी ते स्वगतच आठवतं. बक्षीस मिळेल न मिळेल. तारीख आणि तालमीतली हट्टी माणसं मात्र स्पर्धा नक्की देते. ती सोडू नकोस.

आता रागावू नकोस. तुझा ट्रॅक्टरवाला म्हणतो, 'मी आता निघत आहे.' बिद्रीच्या कारखान्याला ऊस घालणारा कोण असं बोलतो गं? एसटी स्टँडवर अर्धा तास बस, ऐक. म्हणून सगळ्यांच्या तोंडी 'लय भारी'ही कोंबू नकोस. ते टीव्हीवाल्यांचं कोल्हापुरी.

माझ्या पहिल्या नाटकात एक वाक्य अर्ध्या पानाचं होतं. माझं फार लाडकं. नट बिचारा मधेच श्वास घ्यायचा आणि नेमके तिथं लोक हसायचे. मी दोष दिला नटाला. तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही!

तेव्हा आधी वाचन ठेव. घरात नको, तुझी आई पहिल्या पानालाच डोळ्याला पदर लावेल. इथं ये, आमच्या मंडळाची पोरं जमवतो. वाचायचं त्यांनी; तू मागं भिंतीला टेकून बसायचं, जीभ जिथं अडखळेल तिथं खूण करायची आणि खुलासा एकही द्यायचा नाही. हे शेवटचं तुला जड जाणार.

आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

येत्या रविवारी सकाळची गाडी धर. तिसरा अंक अजून मनासारखा नाही म्हणतेस ना? मग तो तसाच राहू दे. पहिले दोनच घेऊन ये.

तुझा,
मामा