तडा वर, दोष खाली

शास्त्रपाठ : लूक ६:४६-४९

मत्तयाच्या शुभवर्तमानातील दाखल्यात खडक आणि वाळू आहे. लूक आणखी एक गोष्ट सांगतो : त्या मनुष्याने खोल खणले. वाळूवरचे घर आमच्या माळव्यातील मुलांना समजावणे कठीण जाते. पण काळी माती ती रोज तुडवतात. तेथूनच हा पाठ सुरू करू.

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौतमपुऱ्याभोवती हीच माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. घराच्या कडेची माती अशी फुगते-आकसते, मधली फारशी हालत नाही. म्हणून भिंतीचा एक भाग खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. आम्ही काय करतो? सिमेंट लिंपून रंग देतो. पुढच्या पावसात तडा पुन्हा हजर!

मग करावे काय?

१. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने बसवून तारीख लिहावी. काच फुटली, तर घर अजून हालत आहे असे समजावे.

२. पाणी दूर करावे. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने लांब न्यावे, गळका नळ व तुंबलेली मोरी दुरुस्त करावी, भिंतीलगत बाहेर उतरती फरशी घालावी. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

३. न भागल्यास इंजिनिअरच्या देखरेखीखाली, कोरड्या दिवसांत, जुन्या पायाखाली नवा पाया घालावा. सबंध भिंतीखाली एकदम खणू नये, घर कोसळेल. मध्ये जागा सोडून सुमारे एकेक मीटर, टणक मुरूम लागेपर्यंत खणावे व काँक्रीट भरावे. ते पक्के झाल्यावरच शेजारची जागा घ्यावी.

इंग्लंडमधील विंचेस्टरचे कॅथेड्रल ओल्या जमिनीत खचू लागले होते. खड्डा खणावा तो पाण्याने भरे. तेव्हा १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर या पाणबुड्याने गढूळ अंधाऱ्या पाण्यात हातांनी चाचपत पायाखाली काँक्रीटच्या पिशव्या रचल्या. तळ बंद झाल्यावर पाणी उपसता आले आणि गवंड्यांनी पुढचे बांधकाम केले. ते कॅथेड्रल आजही उभे आहे. वॉकरचे काम मात्र जमिनीखाली आहे.

वचन ऐकून तसे न वागणे म्हणजे तड्यावर रंग देणे होय. खोल खणण्यास वेळ लागतो, आणि ते कोणाला दिसत नाही.

वर्गात चर्चेसाठी

१. पूर येईपर्यंत दोन्ही घरे सारखीच का दिसत होती?
२. आपल्या घरात, मंडळीत आपण कोणता तडा नुसताच लिंपत आहोत?