गोळी रोज, तरी टीएसएच जास्तच

प्रश्न : सहा महिने थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतेय, तरी टीएसएच वाढलेलंच. सकाळी चहाबरोबर घेते, पाठोपाठ कॅल्शियम. आयोडीनचं मीठ वाढवलं तर गोळी सुटेल का? – एक वाचक, पानशेत

उत्तर : ताई, डोस वाढवायच्या आधी गोळी घ्यायची पद्धत बदला. तिच्यात थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ असतं. आयोडीनचे चार अणू असलेला रेणू. शरीर त्यातला एक अणू काढून टी-३ बनवतं आणि पेशींमध्ये मुख्य काम तेच करतं. १९१४ मध्ये केंडल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं केलं. आज ते कारखान्यात बनतं, पण रेणू हुबेहूब आपल्या ग्रंथीतलाच.

कॅल्शियम आणि लोह त्याला आतड्यातच अडकवून ठेवतात, चहानेही शोषण घटतं. म्हणून उठल्याबरोबर उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-न्याहारी तासाभराने. ही गोळी आणि कॅल्शियममध्ये किमान चार तासांचं अंतर हवं. ते रात्री जेवणानंतर घेतलंत तर उत्तम.

मीठ वाढवू नका. आयोडीनयुक्त मीठ घरात असूनही हा आजार होतो, तेव्हा बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. जादा मिठाने रक्तदाब तेवढा वाढेल.

तुमच्याकडचा पावसाळाही लक्षात घ्या. दमट हवा, उष्णता आणि उजेडाने हे औषध खराब होतं. बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, झाकण घट्ट लावा.

रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे बदल सावकाश दिसतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका.