केबलचें तोंड व केबलचा वेग

संगणकाला बाहेरील डिस्क, पडदा अथवा कॅमेरा जोडण्यासाठीं त्याच्या कडेला हल्लीं जें लहानसें लंबगोल द्वार असतें, तें यूएसबी-सी नांवाचें पोर्ट होय. ही रचना २०१४ सालीं ठरली. तिच्यांत बारा-बारांच्या दोन रांगा, म्हणजे २४ संपर्कबिंदु असून, ते दोन्ही बाजूंस सारखे मांडल्यामुळें केबल उलट घातली तरी चालते. सोय मोठीच, परंतु तिच्यापासून एक भ्रमही उत्पन्न झाला आहे. तोंड सारखें तर वेगही सारखाच, असें समजून पुष्कळ पालक महागडी डिस्क घेतात, हातीं येईल त्या केबलनें ती जोडतात, आणि डिस्क मंद निघाली म्हणून दुकानदाराशीं वाद घालतात.

‘सी’ हें केवळ तोंडाच्या आकाराचें नांव आहे. वेगाचे नियम स्वतंत्र आहेत. १९९६ सालच्या पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदास फार तर १२ मेगाबिट होता. ती घडविणाऱ्या अभियंत्यांत इंटेल कंपनीचे अजय भट्ट हे प्रमुख असून त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें होतें. पुढें २००० सालीं ४८० मेगाबिट, २००८ सालीं ५ गिगाबिट व २०१९ सालच्या यूएसबी४ मध्यें ४० गिगाबिट, अशी वाढ होत गेली. इंटेलचें थंडरबोल्टही २०१५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून हेंच तोंड वापरतें. आतां विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां ६० गिगाबाइट छायाचित्रें ४८० मेगाबिटांच्या केबलमधून जाण्यास १,००० सेकंद, तर ४० गिगाबिटांच्या केबलमधून १२ सेकंद! प्रत्यक्षांत दोहोंसही अधिक वेळ लागतो, आणि डिस्कच मंद असल्यास केबल बिचारी काय करणार?

येथें एक कौतुकाची गोष्ट आहे. छपाई-यंत्राच्या जुन्या पॅरलल पोर्टांत आठ तारांवरून आठ बिट एकदम जात. आठ वाटा एका वाटेहून जलद, असेंच कोणीही म्हणेल. परंतु वेग वाढतांच ते आठ बिट एकाच क्षणीं पोंचेनासे होतात, व मागें राहिलेल्यासाठीं सर्वांस थांबावें लागतें. म्हणून अभियंत्यांनीं बिटांना एकामागून एक चालविलें. एकमेकींभोंवतीं पिळलेल्या दोन तारांवरून परस्परविरुद्ध संकेत धाडावयाचे, व पलीकडे त्यांतील फरक तेवढा घ्यावयाचा. बाहेरचा विद्युत्-उपद्रव दोहोंवर सारखाच होत असल्यामुळें तो वजा होऊन जातो. वजाबाकीचा इतका सुरेख उपयोग अंकगणिताच्या पुस्तकांत क्वचितच आढळेल.

मोबाइल फोनाबरोबर येणारी केबल बहुधा विद्युत् भरण्याच्या हेतूनें केलेली, ४८० मेगाबिटांचीच असते. म्हणून विकत घेतांना वेष्टनावरील वेगाचा आंकडा पाहावा. लांबीही पाहावी. ४० गिगाबिटांची साधी केबल सामान्यतः सुमारें ८० सेंटिमीटरांपर्यंतच असते. त्याहून बरीच लांब हवी असल्यास तिच्या टोकांत दुर्बळ झालेला संकेत सांवरणारी चिप बसवावी लागते, व किंमत चढते.