नवी गाडी : पहिले हजार किलोमीटर

हॉस्टेलमध्ये कुणाची नवी गाडी आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, हँडलला झेंडूचा हार चढतो. आणि मग 'एक राऊंड दे ना यार' म्हणत अख्खी विंग खाली उतरते. मागच्या वर्षी माझी गाडी आली तेव्हाही हेच झालं. बाबांनी उसाचं बिल आल्यावर डाऊन पेमेंट भरलं होतं, बाकीचे हप्ते अजून चालू आहेत.

गाडी घेऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी रूम पार्टनरला मागे बसवलं आणि चहाला निघालो. मेसजवळचं वळण सगळ्यांना माहीत आहे. वेग फार नव्हता, तीसच्या आसपास. समोर कुत्रं आलं, मी वळणातच ब्रेक दाबला आणि गाडी आडवी. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पार्टनरचं उजवं कॉलरबोन मोडलं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. त्याचे दोन पेपर राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई गावाहून आली. ती मला रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "तुला कुठं लागलं नाही ना रे बाळा?" त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हा लेख त्या प्रसंगातून शिकलेल्या गोष्टींचा आहे. चूक कुत्र्याची नव्हती.

काकांची तपासणी

आपल्या वर्कशॉपमधले काका आधी एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. त्यांना गाडी दाखवली. वाकलेलं फूटरेस्ट सरळ करण्याआधी त्यांनी हवेचा गेज मागितला. मागच्या टायरमध्ये ४२ पीएसआय हवा निघाली. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं २९. पुढच्या टायरवर कारखान्यातली चमक तशीच होती. मागचा ब्रेक पेडल बरंच खाली गेल्यावर लागत होता. आणि सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नव्हतं, कारण सीट खराब होऊ नये!

"काका, पण गाडी तर नवीन आहे," मी म्हणालो.

"नवीन आहे म्हणजे तपासलेली आहे, असं तुला कुणी सांगितलं?" काका म्हणाले. "एस.टी.चा ड्रायव्हर वीस वर्षं तीच गाडी चालवत असला तरी डेपोतून निघायच्या आधी एक फेरी मारतो. तू नव्या गाडीला हार घातलास, फेरी मारली नाहीस."

शोरूमला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण ताब्यात घेताना पाच मिनिटं बघायचं काम माझं होतं, हेही तितकंच खरं.

नव्या टायरची पकड कमी का?

टायर साच्यातून सुटावा म्हणून साच्याला एक निसरडं द्रव्य लावलेलं असतं. त्याचा थर टायरवर राहतो. रबराचा वरचा गुळगुळीत पापुद्रा घासला गेल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. म्हणून पहिले शंभर-दीडशे किमी वळणं बेतानं घ्यायची आणि झुकाव हळूहळू वाढवायचा. नुसतं सरळ रस्त्यावर चालवून भागत नाही, कारण त्यात टायरचा मधला पट्टाच घासला जातो, कडा कोऱ्याच राहतात.

हवा जास्त असली की टायर फुगतो आणि रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो. वाहतुकीत आणि गोदामात उभ्या असलेल्या गाड्यांत कधी कधी हवा जास्त भरलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी, टायर थंड असताना, मॅन्युअलप्रमाणे हवा करून घ्या.

आता मेकॅनिक्समधला मुद्दा. टायरकडे एकूण पकड ठरावीक असते. वळताना त्यातली काही खर्च होते, उरलेली ब्रेकसाठी. मी वळणात असताना ब्रेक दाबला, तोही कोऱ्या, फुगलेल्या टायरवर. खिशात पन्नास रुपये असताना शंभरची ऑर्डर दिली, दुसरं काय! वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही.

ब्रेक 'बसवणे'

नवे ब्रेक पॅड किंवा लायनर डिस्कला आणि ड्रमला पूर्ण टेकत नाहीत, फक्त उंचवटे टेकतात. शिवाय नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हलका थर असू शकतो, तो ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ४० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक लावायचा, ब्रेक थंड होऊ द्यायचा, पुन्हा लावायचा. असं पंधरा-वीस वेळा केलं की पॅड बसतात.

फरक किती पडतो ते हिशोबाने बघू. थांबायचं अंतर = वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. चांगल्या ब्रेकने ६ मी/से² मंदन मिळालं असं धरू, तर अंतर येतं सुमारे २३ मीटर. न बसलेल्या ब्रेकने आणि कोऱ्या टायरने समजा ४ च मिळालं, तर सुमारे ३५ मीटर. हे बारा मीटर म्हणजे एस.टी. बसच्या लांबीएवढं अंतर. आणि मेंदूने 'ब्रेक' म्हणेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यातले १७ मीटर वेगळेच. वेग ४० वर आणला की वर्गामुळे ब्रेकचं अंतर निम्म्याहून कमी होतं. हे सूत्र आपण बारावीत पाठ केलं, रस्त्यावर मात्र विसरतो.

इंजिनचं रनिंग-इन

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगने मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा पाडलेल्या असतात. त्यांत तेल धरून राहतं. सुरुवातीला या रेषांची टोकं अणकुचीदार असतात. पिस्टन रिंग त्यांच्यावर घासत जाते, टोकं झिजून सपाट होतात आणि रिंग भिंतीला नीट चिकटून बसते. याला 'रिंग बसणे' म्हणतात. रिंग नीट बसली नाही तर ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये जातो, तेल वर येऊन जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. अ‍ॅव्हरेज आणि ताकद दोन्ही कमी.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल. घर्षण जास्त, उष्णता जास्त, त्यामुळे भिंतीवर ओरखडे पडायचा धोका. दुसरी चूक उलटी : 'नवीन आहे' म्हणून कायम ३० च्या स्पीडने रडत चालवणे किंवा स्टँडवर पंधरा मिनिटं चालू ठेवणे. रिंगला भिंतीकडे ढकलायचं काम ज्वलनाच्या वायूचा दाब करतो. तो दाबच मिळाला नाही तर टोकं न झिजता भिंत गुळगुळीत, काचेसारखी होते आणि रिंग बसायची राहून जाते. म्हणून मधला मार्ग :

१. मॅन्युअलमध्ये पहिल्या ५०० आणि १००० किमीसाठी जी वेगमर्यादा दिली असेल ती पाळा. प्रत्येक गाडीची वेगळी असते, मित्राची ऐकू नका.

२. एकाच स्पीडला तासभर चालवू नका. थ्रॉटल कमी-जास्त करत राहा. त्यामुळे सुरुवातीला हायवेपेक्षा गावातलं चालवणं बरं.

३. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ठोकत नेऊ नका. खालचा गिअर टाका.

४. सकाळी गाडी चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, मग पहिले दोन किमी सावकाश.

५. पहिल्या काही दिवसांत ट्रिपल सीट (तसंही बेकायदाच!), अवजड सामान आणि घाट टाळा. कुंभार्ली घाट कुठे पळून जात नाही.

पहिली सर्व्हिसिंग बुडवू नका. गाडीप्रमाणे ती साधारण ५०० ते १००० किमीच्या दरम्यान असते. झिजलेल्या धातूचा बारीक कण तेलात उतरलेला असतो, तो जुन्या तेलाबरोबर बाहेर जातो. चेन आणि केबल सुरुवातीलाच थोड्या सैल पडतात, त्या ताणल्या जातात, नट-बोल्ट पुन्हा आवळले जातात. स्वतः तेल टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा : बहुतेक बाइकमध्ये क्लच इंजिनच्याच तेलात बुडलेला असतो. कारचं घर्षण कमी करणारं तेल टाकलं तर क्लच घसरतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल टाका.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे त्यांना रिंग बसवायची नाही. पण टायर आणि ब्रेक त्यांचेही नवेच असतात. वरचे दोन्ही भाग त्यांनाही लागू.

रोजची फेरी : दोन मिनिटं

काकांनी शिकवलेली ही फेरी. पुढच्या चाकापासून सुरुवात, देवळात मारतो तशी गाडीभोवती एक प्रदक्षिणा आणि परत पुढे.

• हवा : रोज टायर दाबून, नजरेने बघा. आठवड्यातून एकदा गेजने. खिळा, चीर दिसते का तेही बघा.

• ब्रेक : गाडी ढकलत आधी पुढचा, मग मागचा दाबून बघा. चाक अडलं पाहिजे. एबीएस असेल तर त्याचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझला नाही तर दाखवून घ्या.

• चेन : खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करा. किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर. फार घट्ट चेनही वाईट.

• तेल : आठवड्यातून एकदा, गाडी सरळ उभी करून. खाली जमिनीवर थेंब पडलाय का ते मात्र रोज.

• दिवे : ब्रेक लाइट भिंतीसमोर उभं राहून तपासता येतो, भिंतीवर लाल उजेड पडतो. इंडिकेटर आणि हॉर्नही तेव्हाच.

• हँडल : दोन्हीकडे पूर्ण वळवा. काही अडकतंय का? हार, लिंबू-मिरची, रेनकोटची दोरी केबलमध्ये गुंतू शकते. पूजा झाली की हार काढून ठेवा, देव रागावत नाही.

• साइड स्टँड वर घेतला का? आणि सीटवरचं प्लॅस्टिक आजच काढा. मागे बसलेला त्यावरून घसरतो.

शेवटी हेल्मेट. आयएसआय मार्क बघून घ्या, पट्टा लावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं. त्या दिवशी माझ्याकडे एकच होतं आणि तेही रूममध्ये कपाटावर होतं. पार्टनरच्या डोक्याऐवजी खांदा आधी टेकला, हे आमचं नशीब.

पार्टनरने ते दोन पेपर पुढच्या सेमिस्टरला दिले आणि सुटले. अजूनही तो माझ्या मागे बसतो. फक्त बसण्याआधी स्वतः एक फेरी मारतो, टायर दाबतो आणि म्हणतो, "चल आता." मला राग येत नाही.

तुमची गाडी नवी असेल तर आज संध्याकाळी गेज घेऊन खाली या. काका पाचपर्यंत वर्कशॉपमध्ये असतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी